मरायला लावलेली ओळ

आमच्या जिन्यात सध्या अशी बातमी आहे की शेजारच्या वहिनींनी नवऱ्यावरच्या रागाच्या भरात संशोधन केंद्राचा अख्खा मळा पेटवून दिला, आणि तो जळत असताना त्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. तळमजल्यावरून बातमी निघाली तेव्हा नुसता पालापाचोळा पेटला होता. पहिल्या मजल्यावर त्याचा मळा झाला, दुसऱ्यावर खुर्ची आली, आणि आमच्या मजल्यावर पोचेपर्यंत वहिनींच्या हातात चहाचा कपसुद्धा आला. कपाच्या बाबतीत लोक माझ्याकडे बोट दाखवतात. दाखवू देत, बोटांना दुसरं काम काय.

खरं तेवढं सांगतो. मळा नव्हताच, जाळीच्या कुंपणातला एक तुकडा होता, आमच्या गच्चीपेक्षा थोडा मोठा. आग वहिनींनीच लावली, पण रागानं नाही, हुकमानं. आणि खुर्ची नव्हती. त्या उभ्या होत्या, आणि राख गार होईपर्यंत उभ्याच होत्या, कारण तसा नियम आहे: राख गार झाल्याशिवाय जबाबदार माणसानं जागचं हलायचं नाही. नवराही तिथंच होता, दाताळं घेऊन. पण या दोघांचं काय आणि कसं झालं ते सांगायचं तर जरा मागून सुरुवात करायला हवी.

आमची आणि त्यांची भिंत एकच, आणि ती इतकी पातळ की त्यांच्याकडे कुणी शिंकलं तर आमच्याकडे रुमाल शोधतात. ती मंडळी नवीन राहायला आली, त्या आठवड्यात एका संध्याकाळी भिंतीतून वहिनींचा आवाज आला, अगदी समाधानाचा. ‘आज सगळी मेली. एक म्हणून उरली नाही.’ त्यावर म्हाताऱ्या सासूचा आवाज: ‘बरं झालं. हात धू आणि जेवायला बस.’ मी आणि आमची ही, आम्ही एकमेकांकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी हिनं मला मुद्दाम वाटीभर साखर उसनी मागायला पाठवलं. कपाटात साखरेचा डबा भरलेला असताना. मेलो तर मी मरावं, हा हिचा हिशेब.

दार वहिनींनीच उघडलं. उंच, सडसडीत, केसांचा घट्ट अंबाडा, नखांत माती. साखर देताना मी भीत भीत विचारलं, काल कोण गेलं? त्या आधी गोंधळल्या आणि मग इतक्या हसल्या की साखर सांडली. मेली होती ती टोमॅटोची झाडं. वहिनी वनस्पतींच्या रोगांवर काम करतात, आणि झाडांना रोग लावणं हीच त्यांची नोकरी. लावला तर कळणार ना, कोण टिकतं ते.

दारावर नावाआधी ‘डॉ.’ लिहिलेलं असल्यामुळे इमारतीतल्या लोकांनी त्यांना गुडघे, कंबर, पाठीवरचे चट्टे, सगळं दाखवून घेतलं. त्याही मन लावून बघायच्या आणि शेवटी गंभीरपणे सांगायच्या, ‘पाण्याचा निचरा नीट ठेवा.’ एका काकांनी तो सल्ला खरंच पाळला, आणि त्यांची पाऊलसूज उतरली म्हणतात. पण झाडांना रोग लावण्याचा धंदा कळला, तसे लोक बिचकले. जिन्यात त्यांचं नाव ‘मरवाली’ पडलं. या रोगाला आपल्याकडे ‘मर’ म्हणतात, म्हणून. गॅलरीतल्या कुंडीत गुलाब सुकला तरी लोक त्यांच्या चपलांकडे बघायचे. गंमत म्हणजे चपलांबद्दल सगळ्या इमारतीत जास्त धास्ती वहिनींनाच. केंद्रातले बूट केंद्रात, तेही जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये बुडवून. घरच्या चपलांना तिकडची मातीसुद्धा माहीत नाही.

मर म्हणजे काय ते त्यांनी एकदा आमच्या जेवणाच्या टेबलावर दाखवलं होतं. आमच्या हिनं गॅलरीत लावलेलं टोमॅटोचं झाड दुपारी माना टाकायचं, सकाळी सावरायचं, आणि मग एका सकाळी सावरलंच नाही. पानं हिरवीगार, आणि झाड गेलेलं. पिवळं पडलं नाही, वाळलं नाही, हिरव्या अंगानं गेलं. वहिनींनी त्याचं खोड तिरपं कापलं, काचेच्या पेल्यात पाणी घेतलं आणि कापलेलं टोक पाण्यात धरलं. थोड्या वेळानं खोडातून दुधासारखा एक पांढरा धागा निघाला आणि सरळ खाली उतरत गेला. म्हणाल्या, हे सगळे जिवाणू. मातीतून मुळात शिरतात आणि झाडाच्या पाण्याच्या नळ्या आतून तुंबवतात. झाडाला पाणी असतं भरपूर, पोचत नाही. तहानेनं मरतं बिचारं, पाण्यात उभं राहून. औषध नाही. एकदा मातीत आला की वर्षानुवर्षं तिथंच राहतो. आमच्या हिनं त्या दिवसापासून तो पेला वापरात ठेवला नाही. मला त्यातून पाणी देते.

तर या रोगाला पुरून उरेल असा टोमॅटो करायचा, हा वहिनींचा ध्यास. कुठल्याशा उकिरड्यावर वाढणारं एक रानवांगं असतं, काटेरी, ज्याला गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. त्याला मर शिवत नाही. का शिवत नाही, हे शोधता शोधता त्यांना त्याच्या अंगातला एक जनुक सापडला, जो जिवाणू मुळाशी आला की ओळखतो आणि दार लावून घ्यायला सांगतो. तो जनुक टोमॅटोत घालायचा. मी विचारलं, मग टोमॅटो जांभळा होईल का? काटे येतील का? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी चहात तोंड घातलं. पण सांगितलं मात्र सगळं. जनुक आत पोचवायला त्या दुसऱ्या एका जिवाणूचाच उपयोग करतात, कारण त्याला झाडाच्या पेशीत आपलं सामान घुसवायची जन्माची खोड आहे. त्याचं सामान काढून घ्यायचं, आपलं भरायचं, आणि जा म्हणायचं. काट्यानं काटा काढणं मी ऐकलं होतं. इथं तर काट्याला हमाल केला होता.

पानाचे तुकडे, काचेच्या बाटल्या, जेलीसारखं खाद्य, दिवसभर पांढरा दिवा. शेकडो तुकड्यांतून एखाद्याला कोंब फुटायचा. कोंबाचं रोप व्हायचं, रोपाला मर लावायची, रोप मरायचं. भिंतीतून कधी ‘सगळी मेली’ हे दुःखात यायचं, कधी समाधानात, कारण कोणती मेली त्यावर ते असायचं. सासूबाई, म्हणजे आजी, रोज दारातच विचारायच्या, ‘आज काय मारलंस गं?’ आणि मग एका संध्याकाळी आजींनी तीनदा विचारलं. शेवटी उत्तर आलं, अगदी हळू, की आम्हाला भिंतीला कान लावावा लागला: ‘एक मरत नाहीये.’

त्या झाडाला केंद्रात काहीतरी लांबलचक क्रमांक होता. घरात आजींनी त्याचं नाव ‘चिवटी’ ठेवलं. वहिनींना ते आवडायचं नाही, पण त्याही तेच म्हणू लागल्या. चिवटीची बी, त्या बियांची झाडं, त्यांची पुन्हा बी, यात आमच्या मोठ्या मुलीचं शाळा-कॉलेज सगळं उरकलं. आजींची एकच भुणभुण, ‘लागतो कसा तो टोमॅटो?’ आणि वहिनींचं एकच उत्तर, की माहीत नाही. परवानगी मिळेपर्यंत त्या झाडाचं फळ तोंडात घालायला बंदी. फूल आलं की पिशवी बांधायची, फळ आलं की मोजायचं आणि जाळायचं. आयुष्य घातलं एका टोमॅटोत, आणि जिभेवर ठेवता येत नाही. आमच्या हिला हे ऐकून भलताच आनंद झाला. मला म्हणाली, म्हणजे तुमच्या पथ्यासारखंच झालं, वासावर समाधान.

आता कात्रीरावांकडे वळू. कात्रीराव म्हणजे वहिनींचे यजमान. त्याच केंद्रात ते उद्यान अधीक्षक. हिरवळ, कुंपणं, रस्ते, कुंड्या, पाण्याचे नळ, सगळं त्यांच्याकडे. त्यांनी फाटकाजवळच्या झुडपांचे हंस कापले आहेत, एकामागून एक, आणि हंसांच्या माना सगळ्या एका मापाच्या. घरात दात घासायचे ब्रश एकाच दिशेला तोंड करून उभे असतात. बायकोच्या चपला दाराशी बाहेर तोंड करून लावलेल्या, म्हणजे निघताना तिला वाकायला नको. तिचा प्रयोगशाळेतला पांढरा कोट ते स्वतः इस्त्री करायचे, कॉलरसकट. मी त्यांना किती चिडवलं असेल. त्यांचं उत्तर ठरलेलं: तिचं डोकं मोठ्या कामात असतं, बारीकसारीक आपण बघायचं. खोटं नव्हतं ते. त्या माणसाचा बायकोवर जीव होता, आणि अजून आहे. हेच तर सगळं दुखणं आहे.

बऱ्याच वर्षांच्या कागदपत्रांनंतर चिवटीला उघड्या मातीत एका हंगामाची चाचणी घ्यायची परवानगी मिळाली. फक्त एक हंगाम. जाळीचं कुंपण, फाटकाला कुलूप, आत जाताना-येताना बूट धुवायचे, काही उपटलं तर त्याच दिवशी कुंपणातल्याच खड्ड्यात जाळायचं. आणि हंगामाच्या शेवटी एक समिती येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. समितीनं होकार दिला तर चिवटी पुढे जाणार, शेतकऱ्यांच्या वाफ्यांपर्यंत. नकार दिला तर तिथंच संपली. इतकं सरळ होतं.

मातीत मर मुद्दाम कालवली होती. ओळी लावल्या होत्या एक सोडून एक. एक चिवटीची, तिच्या शेजारी एक साध्या टोमॅटोची, त्याच जातीची, फक्त आत रानवांग्याचं काही नसलेली. ही साधी ओळ मरायला लावलेली असते. ती मेली की सिद्ध होतं, मातीत रोग होता आणि खराखुरा होता. ती मेलीच नाही तर शेजारची हिरवी ओळ कशातून तरली, हे कुणी सांगावं? वहिनींनी हे आमच्या सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं, त्यांच्याच टेबलावर, काड्यापेटीच्या काड्या मांडून. कात्रीरावही होते. मान डोलावत होते. आणि मान डोलावता डोलावता काड्या सरळ करत होते. तेव्हा मला हसू आलं होतं.

हंगामात मर अशी आली की बघत राहावं. साध्या ओळी एका उन्हात माना टाकून बसल्या आणि मग तशाच करपून काळ्या पडल्या. त्यांच्यामध्ये चिवटीच्या ओळी कमरेएवढ्या, हिरव्या, पिशव्या बांधलेल्या फुलांच्या. लांबून बघितलं तर कुणी हिरव्या-काळ्या पट्ट्यांचं कापड वाळत घातलंय असं वाटावं, असं आजी म्हणाल्या. त्यांना कुंपणाबाहेरून दाखवायला नेलं होतं. वहिनी त्या आठवड्यात जिन्यात गुणगुणत चढायच्या. मी विचारलं, वहिनी, गाणं? त्या म्हणाल्या, ‘भावजी, मेलेल्या झाडांइतकं सुंदर मी काही बघितलं नाही.’ असं बोलणारी बाई शेजारी असली की दाराला दुहेरी कडी लावावी, असं मी म्हटलं. तेव्हा त्या शेवटच्या मनापासून हसल्या.

समिती यायच्या आदल्या दिवशी मोठ्या साहेबांनी, म्हणजे केंद्राच्या संचालकांनी, फर्मान काढलं: पाहुणे येणार, परिसर झळकला पाहिजे. कात्रीरावांना असा हुकूम म्हणजे भुकेल्याला ताट. वहिनी दिवसभर सभागृहात उद्याची तयारी करत होत्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थेट पाहुण्यांना आणायला गेल्या. इकडे कात्रीराव दोन माळी घेऊन रस्ते, कडा, कुंड्या उरकत उरकत जाळीच्या कुंपणापाशी आले. आग लागली तर उघडता यावं म्हणून सगळ्या फाटकांच्या किल्ल्या त्यांच्या जुडग्यात असतात. आत बघतात तर काळ्या, वाळक्या, आडव्या पडलेल्या ओळी. आणि उद्या पाहुणे. आणि शेत कुणाचं, तर बायकोचं.

त्यांनी मला नंतर जिन्यात बसून सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. मी विचारलं, अहो, वहिनींनी काड्या मांडून समजावलं होतं ना, मेलेली ओळ कशाला असते ते? ते म्हणाले, समजलं होतं की. मेली हे तिला माहीत, मला माहीत, फोटो काढलेले. मेली, सिद्ध झालं, संपलं. आता पाहुण्यांसमोर कशाला? घरी पाहुणे आले की आपण धुणं आत टाकतो, धुतलं हे सिद्ध करायला दोरीवर ठेवत नाही.

मग त्यांनी साध्या ओळी मुळासकट उपटल्या. नियमाप्रमाणे त्याच खड्ड्यात त्याच दिवशी जाळल्या. आत जाताना बूट धुतले, येताना धुतले. वहिनींनी पेरलेल्या साध्या रोपांतली जास्तीची काही रोपं त्यांनी कुंड्यांत वाढवली होती, कारण हिरवं काही फेकवत नाही त्यांना. तीच आणून रिकाम्या जागी लावली, उंचीला उंची जुळवून. पाणी दिलं. वाफ्यांच्या कडेनं चुन्याची रेघ ओढली. त्यांना ठाऊक होते तेवढे नियम सगळे पाळले. वहिनींना सांगितलं नाही, कारण सकाळी तिचा चेहरा बघायचा होता.

सकाळी तो चेहरा त्यांनी बघितला.

फाटकापाशी ते इस्त्रीच्या शर्टात उभे. वहिनी समितीला घेऊन आल्या, बूट धुण्याच्या ट्रेमधून सगळे एकेक करून आत गेले, आणि समोर हिरवंगार. या टोकापासून त्या टोकापर्यंत, चुन्याच्या रेघेत, एका उंचीचं हिरवं. समितीचे अध्यक्ष, जाड चष्म्याचे म्हातारे गृहस्थ, आधी खूश झाले. इतकं देखणं चाचणीचं शेत बघितलं नाही म्हणाले. मग एका ओळीपाशी वाकले, दुसऱ्या ओळीपाशी वाकले, चष्मा पुसला आणि वहिनींना विचारलं, की रोग कुठं आहे?

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं असणार, किल्ल्यांच्या जुडग्यापासून चुन्यापर्यंत. चाचणीतलं झाड समितीला न विचारता काढणं हा गुन्हा. सांगितलं तर चाचणी रद्द, आणि नवऱ्याची चौकशी. या बाईनं आयुष्यात कधी आकडा इकडचा तिकडे केला नाही. भाजीवाल्यानं चुकून जास्त घातलं तर परत देणारी बाई. तिनं समितीला सांगितलं, की या हंगामात मर लागलीच नाही.

आणि बघा, ते खपलं. अध्यक्ष मान हलवत म्हणाले, होतं असं, हवामान असतं, पुढच्या हंगामाला पुन्हा लावा, तशी शिफारस करतो. एक वर्ष वाया गेलं असतं, एवढंच. चिवटी वाचली होती. नवरा वाचला होता. सगळे फाटकाकडे वळले होते.

कात्रीरावांना राहवलं नाही. बायको चार परक्या लोकांसमोर स्वतःच्या कामाला नावं ठेवते, हे त्यांना बघवलं नाही. पुढे होऊन म्हणाले, ‘नाही साहेब, मेली होती. सगळीच्या सगळी मेली होती. हिचं झाड फार गुणी आहे. ती काळी झालेली मी काल काढली, तुम्ही येणार म्हणून.’

अध्यक्षांनी नवऱ्याला काही विचारलं नाही. वहिनींकडे वळले आणि म्हणाले, ‘तुम्ही आत्ता काय म्हणालात ते पुन्हा म्हणा.’

फोटो होते, सभागृहातल्या संगणकात, काळ्या ओळींचे, रोजचे. आता त्या फोटोंचा एकच उपयोग उरला होता, की वहिनी खोटं बोलल्या याचा पुरावा. माती तपासा, असं त्यांनी नंतर सभागृहात सांगून बघितलं. अध्यक्ष म्हणाले, माती खोटं बोलत नाही हे मला माहीत आहे, प्रश्न मातीचा नाही.

समिती गेली, आणि गंमत ऐका. मर काही पाहुण्यांच्या वेळा बघून येत नाही. कात्रीरावांनी लावलेली रोपं पहिल्या कडक उन्हात माना टाकायला लागली आणि हुकमाचा कागद येईपर्यंत एक ना एक आडवी झाली. पुन्हा काळ्या-हिरव्या पट्ट्या, जशाच्या तशा. जे समितीला बघायचं होतं ते सगळं तिथं होतं, फक्त समिती नव्हती. वहिनींनी अध्यक्षांना फोन लावला. तिकडून सांगण्यात आलं, की प्रकरण बंद झालं आहे. चाचणी रद्द, शेतातलं सगळं जाळून टाकायचं, बियाणं सीलबंद. आणि वहिनींना यापुढे कुठल्याही चाचणीचं प्रमुखपद नाही, कारण त्यांच्या शब्दावर विसंबता येत नाही.

तर ती ही आग. आधी त्यांनी मेलेल्या ओळी टाकल्या, मग हिरव्या. हिरवं लवकर पेटत नाही, धूर फार होतो, आणि केंद्र गल्लीच्या टोकालाच, म्हणून तळमजल्याला दिसलं. टाकण्याआधी वहिनींनी एक मेलेलं खोड तिरपं कापलं आणि पाण्याच्या पेल्यात धरलं. पांढरा धागा निघाला आणि सरळ खाली उतरला. बघायला कोण, तर दाताळं घेतलेले कात्रीराव. त्यांनीच मला हे सांगितलं. सांगताना म्हणाले, इतका सुबक धागा, अहो, की मला वाटलं टाळी वाजवावी. मग पेला तिनं आगीत ओतला. चिवटीला लाल टोमॅटो लागले होते, पिशव्यांत. तेही गेले. आजींनी नुसतं एवढंच विचारलं, ‘वास कसा होता?’ वहिनी म्हणाल्या, धुराचा.

कात्रीरावांना समज दिली, तोंडी. मोठ्या साहेबांचाच हुकूम होता ना परिसर झळकवायचा; समज फार मोठ्यानं दिली तर आवाज वरपर्यंत जायचा. वर्षाच्या शेवटी सुंदर परिसराची ढाल त्यांच्याच विभागाला मिळाली. ढाल फ्रिजवर आहे. आजी तिच्यावर ओला रुमाल वाळत घालतात. वहिनींना पाहुणे विभागात बसवलं आहे. शाळेच्या सहली येतात, त्यांना केंद्र दाखवायचं, फाटकाजवळचे हंससुद्धा. मुलं विचारतात हंस कुणी केले, आणि वहिनींना सांगावं लागतं.

तेव्हापासून त्या घरात बोलणं आजींमार्फत चालतं. भिंतीतून ऐकू येतं: आई, त्यांना सांगा दूध संपलंय. आई, तिला सांग आणतो. आजी मध्ये बसून दोन्हीकडून कंटाळल्या आहेत. परवा म्हणाल्या, माझ्यावर तिकीट लावा आता. कोट आता लागत नाही, तरी कात्रीराव तो दर आठवड्याला इस्त्री करतात आणि खुंटीला लावतात. चपला अजून बाहेर तोंड करून असतात. वहिनी त्या फिरवून उलट्या ठेवतात, आणि सकाळी पुन्हा सुलट झालेल्या.

जिन्यातल्या लोकांनी मला पुढे केलं, की तुझं त्यांच्याशी चालतं, तू बोल. आगीची, खुर्चीची, चहाच्या कपाची बातमी आता पुढच्या गल्लीतही गेली होती. म्हणून काल गेलो, नेहमीसारखी साखरेची वाटी घेऊन. वहिनी स्वयंपाकघरात बाजारचे टोमॅटो चिरत होत्या. कात्रीराव बाहेरच्या खोलीत, चमच्यांचा खण आवरत. मी आधी इकडचं तिकडचं बोललो. खुर्चीची गोष्ट सांगितली, हसल्या नाहीत. मग मुद्द्यावर आलो. म्हटलं, वहिनी, झालं ते झालं. मी काही त्यांची बाजू घेत नाही. पण चुकला तरी घरचा माणूस आहे, आणि दोन्ही वेळेला त्यानं तुमच्या भल्यासाठीच केलं. ज्या रोगानं तुमची उभी उमेद खाल्ली त्याच्याबद्दलसुद्धा तुम्ही कधी वाईट बोलला नाहीत, मग या बिचाऱ्यावरच एवढा राग का?

बाहेर चमच्यांचा आवाज थांबला. वहिनींनी हातातला टोमॅटो पुरता चिरला, सुरी पुसली आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या:

‘रोगानं माझं वाईट केलं, भावजी, पण त्याला माझं भलं करायचं नव्हतं.’